कोणताही त्रिकोण

मेइजी अठरा, अकरावा महिना, तारीख आठ
कुरिनोसावा

तोमेकिचीदादांस,
तोसेचा वाकून नमस्कार.

वरच्या डोंगरावर दोनदा बर्फ पडून गेलं. खाली अजून नुसता गारठा आहे. तोक्योची थंडी इतकी बोचरी नसते असं ऐकते, तरी सकाळी शाळेत शिकवायला जाताना गळा झाकून घेत असालच. इकडे सगळं ठीक आहे. बाबा बरे आहेत. रेशमाचे किडे यंदा चांगले निघाले. मुळे वळचणीला वाळत टाकलेत, पुढच्या आठवड्यात खारवायचे.

तुम्ही पाठवलेलं भूमितीचं पुस्तक सहाव्या महिन्यात पोचलं. पोच द्यायला मी पाच महिने लावले, त्याची क्षमा असावी. पुडक्यावर बाबांचं नाव होतं आणि आत पुस्तकाशिवाय एक चिटोरं नव्हतं. मी पानं झटकून पाहिली. मग परत एकदा झटकली.

"कुणाचं?" बाबांनी विचारलं.

मी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. आठ वर्षांत ते आमच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. बाबा थोडा वेळ निखारे उकरत बसले आणि म्हणाले, "चुलीजवळ ठेव. लाकडं ओली निघाली तर पेटवायला होईल."

लाकडं ओली निघाली. पुस्तक काही पेटवलं गेलं नाही.

माझं लग्न झालं हे तुमच्या कानावर आलं असेल किंवा नसेल. बाबांनी घरजावई आणला. योसाबुरो त्याचं नाव, पलीकडच्या खोऱ्यातल्या घोडे पाळणाऱ्यांचा मुलगा. गणिताशी त्याचा संबंध घोड्याचे पाय मोजण्यापुरता. तो म्हणतो, "मला एकच त्रिकोण कळतो. एका टोकाला सासरा, दुसऱ्या टोकाला बायको, आणि तिसऱ्या टोकाला ज्याचं कुणी ऐकत नाही तो." माणूस चांगला आहे.

बाबांना आता दिसत नाही. मोतीबिंदू वाढत गेला. दोन वर्षांपासून समोरचा माणूस म्हणजे नुसती सावली. गणिताचा शिष्य एकही उरला नाही. गावातली पोरं सरकारी शाळेत जातात, परदेशी आकडे आडवे लिहितात आणि रस्त्यात बाबा भेटले तर वाकून बाजूला होतात, जसं एखाद्या जुन्या दगडी मूर्तीला वाट द्यावी तसं. बाबांना ते सावलीवरूनही कळतं.

सातव्या महिन्यात सलग नऊ दिवस पाऊस लागला. नवव्या दिवशी दुपारी बाबा छताकडे तोंड करून म्हणाले, "काय लिहिलंय त्या गाढवाने?"

"पुस्तक त्यांचं एकट्याचं नाही. शेवटच्या पानावर मदतनिसांची यादी आहे, तीत त्यांचं नाव तिसरं."

"म्हणजे तिसऱ्या नंबरचं गाढव. वाच."

मी वाचायला लागले. "ज्याला ठिकाण आहे पण लांबी-रुंदी नाही, तो बिंदू."

"आणि ज्याला पगार आहे पण अक्कल नाही, तो सरकारी मास्तर. पुढे."

"जिला लांबी आहे पण रुंदी नाही, ती रेषा."

"असली रेघ ओढणारा कुंचला कुठल्या दुकानात मिळतो तेही लिहिलंय का? अगं, बिंदू काय आणि रेघ काय, हे कुणाला सांगावं लागतं? उद्या भात म्हणजे काय तेही लिहितील."

कोनासाठी तुम्ही लोकांनी शिंगाचंच अक्षर घेतलंय, त्यावर तर ते खोकला येईपर्यंत हसले. "म्हणजे त्रिकोण हा तीन शिंगांचा बैल! योसाबुरो, असला बैल पाहिलास का कधी बाजारात?"

"बैल नाही पाहिला," योसाबुरो म्हणाला, "सासरा पाहिलाय."

मग सिद्ध न करता मान्य करायच्या गोष्टी आल्या. दोन बिंदूंमधून सरळ रेषा एकच जाते. एकाच वस्तूशी बरोबर असलेल्या दोन वस्तू एकमेकींशीही बरोबर असतात. "हे आपल्या घोडीलाही कळतं," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी पुस्तक मिटलं. वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणतात कसे, "काल ते घोडीचं कुठवर आलं होतं?"

त्यानंतर रोज दुपारी मी वाचत गेले. दादा, तुम्हाला आठवत असेल, आपण शिकलो त्यात बाजू होत्या, उंची होती, वर्तुळं होती. कोन ही वेगळी धरायची वस्तू नव्हतीच. बाबा दोन बोटं फाकवायचे, मिटवायचे, परत फाकवायचे. "म्हणजे बाजू लांब केल्या तरी हा तेवढाच राहतो?" एकदा विचारलं. मी हो म्हटलं. दिवसभर त्यांच्या बोटांचा तोच चाळा चालला होता, सूप पितानासुद्धा.

त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून दोन काटकोन होतात, ते आलं त्या दिवशी आमचं भांडण झालं.

"मोजून दाखव," बाबा म्हणाले.

"मोजायचं नाही असं आहे. वरच्या टोकातून पायाला समांतर रेषा काढायची—"

"ही रेषा कुठून आली? आकृतीत नव्हती."

"आपण काढली."

"कुणाला विचारून?"

"परवानगी सुरुवातीलाच घेतलेली आहे बाबा. तुम्ही हसत होता तेव्हा."

मी सगळं वाचून दाखवलं: समांतर रेषेमुळे खालचे दोन कोन वर कसे येऊन बसतात, मधला तिथेच कसा असतो आणि तिघे मिळून सरळ रेषा कशी पुरी होते. दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "मोजलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"मोजलं तर त्या एकाच त्रिकोणाचं कळतं."

"आणि असं केलं की?"

"कोणत्याही."

हा शब्द तोंडातून गेला आणि मला पायरी चुकल्यासारखं झालं. बाबांनीही तो ऐकला. त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही.

आता मला जे लिहायचं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यासाठी त्यात नवीन फक्त एक ओळ असेल. तरीही सगळं लिहिते, कारण मनातल्या मनात मी ते इतक्या वेळा, इतक्या सोयीच्या रीतींनी लिहिलंय की खरं कागदावर उतरल्याशिवाय मला माझाच भरवसा नाही.

मेइजी दहाच्या वसंतात बाबांनी डोंगरावरच्या देवळात गणितं रंगवलेली लाकडी फळी अर्पण केली. लाल, निळी, सोनेरी. तीन गणितं होती तिच्यावर. तिसरं सगळ्यांत सोपं, पण गावाला तेच आवडलं: त्रिकोणात तिन्ही बाजूंना टेकलेलं एक वर्तुळ, एक बाजू तेरा, दुसरी पंधरा, मधली उंची बारा, तर वर्तुळाचा व्यास किती? उंचीने पायाचे दोन तुकडे पडतात, एक पाचाचा, एक नवाचा. बेरीज चौदा. त्यावरून व्यास आठ. आणि खाली बाबांनी आपल्या हाताने ठळक लिहिलं होतं: कोणत्याही त्रिकोणाला हाच नियम.

फळी टांगून झाली, पुजारी, गावकरी, बारा शिष्य, सगळे कुटलेल्या भाताच्या वड्यांच्या जेवणाला बसले, आणि तुम्ही उठलात. बावीस वर्षांचे होता. फळीजवळ जाऊन आकृतीवर तळहात ठेवलात आणि म्हणालात, "गुरुजी, आकृती झाकली तर नुसत्या शब्दांतून दुसरंही उत्तर निघतं. उंची पायाच्या बाहेर पडली तर तुकड्यांची बेरीज नाही, वजाबाकी करायची. पाया चौदा नाही, चार. मग व्यास आठ नाही, तीन."

"हात काढ," बाबा म्हणाले. "आकृती झाकून गणित वाचतात का? डोळे काढून नाटक बघतात का?"

लोक हसले. तुम्ही हात काढला नाही. मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरा वर्षांची, तुमच्या खालोखाल हिशेबात पक्की. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तोसे, तू करून बघ. चार येतं का?"

पंधराच्या वर्गातून बाराचा वर्ग गेला, एक्याऐंशी, नऊ. तेराच्या वर्गातून गेला, पंचवीस, पाच. नवातून पाच गेले, चार. पाया चार धरला तरी बाजू तेराच राहते, पंधराच राहते आणि उंची बारा. मी उलट करूनही पाहिलं. घास गिळायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला नाही.

मी म्हटलं, "नाही येत."

तू माझ्याकडे बघितलंस.

हे तुम्ही-तुम्ही आता पुरे. अकरा वर्षांचा असताना तू आमच्या घरी शिकायला आलास, एका ताटलीतून आपण भाजलेल्या चेस्टनट खाल्ल्या, मी तुला तोमेदादा म्हणायचे आणि ‘अरे’ म्हणून हाक मारायचे. ही गोष्ट मला त्याच तोंडाने सांगायला हवी. तू बघितलंस, आणि तुला कळलं. माझं उत्तर चुकलं नव्हतं, मी ते गिळलं होतं, हे तुला त्याच क्षणी कळलं. तरी तू काही बोलला नाहीस. मला तिथे सगळ्यांदेखत खोटं पाडणं तुला सहज जमलं असतं. तीन काड्या पुरल्या असत्या. तू वाकून नमस्कार केलास आणि खाली बसलास.

त्याच दिवशी बाबांनी शिष्यांच्या वहीतलं तुझं नाव काळ्या शाईने खोडलं. सकाळी तू बोचकं घेऊन निघालास तेव्हा मी तांदळाच्या कोठीमागे उभी होते. तू विहिरीपाशी थांबून घराकडे तोंड करून "येतो" म्हणालास. कुणीही "ये" म्हटलं नाही. कोठीमागून मीसुद्धा.

मला बाबांची भीती वाटत नव्हती. तसं असतं तर बरं झालं असतं. मला त्यांचा चेहरा पडलेला बघवला नसता, एवढंच कारण. त्यांच्यासाठी तो एक दिवस होता, तुझ्यासाठी सगळं आयुष्य, आणि मी तोलून त्यांचा दिवस जड ठरवला.

पुढचं सांगते.

त्या ‘कोणत्याही’नंतर दोन दिवस बाबा पुस्तकाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच चाचपडत ते माझ्या पुढ्यात आणून ठेवलं. "त्रिकोणाची व्याख्या परत वाच."

"तीन सरळ रेषांनी बंद झालेली आकृती."

"एवढंच? दिसायला कशी हवी ते?"

"नाही. पुढे प्रकार आहेत. तिन्ही कोन काटकोनाहून लहान. एक काटकोन. एक काटकोनाहून मोठा."

"तो मोठावालाही त्रिकोणच?"

"व्याख्येत बसतो. तीन रेषा आहेत, आणि आकृती बंद आहे."

बाबांनी चटईवर बोटाने तीन रेघा ओढल्या. मग म्हणाले, "योसाबुरोला सांग, बांबूच्या काड्या काप. तेरा, पंधरा, चार. आणि एक बाराची."

योसाबुरोने कापल्या. मी चटईवर त्रिकोण मांडला, चारची बाजू पायाला. बाबांनी तो बोटांनी पाहिला. टोकापासून बाराची काडी सरळ खाली सोडली. ती चारच्या काडीवर टेकली नाही, तिच्या बाहेर, चटईवर टेकली. बाबांनी ते अंतर चिमटीत धरलं. पाच. मग तिथपासून पलीकडच्या टोकापर्यंत. नऊ. परत पाच, परत नऊ. एखाद्या आंधळ्याने नव्या घराची दारं मोजावीत तसं.

"चार," ते म्हणाले.

मी काड्यांची टोकं परत जुळवली.

"तोसे, त्या दिवशी तुझं किती आलं होतं?"

दादा, तेव्हाही खोटं बोलता आलं असतं. त्यांना दिसत नव्हतं. मी म्हटलं, "चार."

"माहीत होतं मला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुझी बोटं मांडीवर चालत होती," बाबा म्हणाले, "मण्यांची चौकट पुढ्यात असल्यासारखी. ती चारवर थांबली. मला तेव्हा चांगलं दिसत होतं. मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं कदाचित. म्हणून तुला विचारलं."

आम्ही दोघं त्या काड्यांच्या दोन बाजूंना बसून राहिलो. योसाबुरो उठून घोडीला पाणी द्यायला गेला. तिने नुकतंच पाणी प्यायलं होतं.

आठ वर्षं मी समजत होते की मी बाबांना वाचवलं. त्यांना वाचवण्यासारखं काही नव्हतंच. त्यांना सगळं ठाऊक होतं. मी फक्त त्यांच्याबरोबर त्या खोट्यात राहायला गेले होते.

दहाव्या महिन्यात बाबा हट्टाला पेटले. फळी दुरुस्त करायची. पुजारी म्हणाले, "देवाला दिलेलं परत मागता?"

"परत मागत नाही, दुरुस्त करतोय. देवाने काय चुकीचं गणित वाचत बसायचं?"

"आठ वर्षं वाचलंच ना."

"म्हणूनच म्हणतो, आता पुरे."

शेवटी असं ठरलं की जुनी फळी आहे तशी राहील, तिच्याखाली नवी लहान फळी लावायची. बाबांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. आकृती नाही. रंग नाही. "वरच्या तिसऱ्या गणितात ‘कोणत्याही त्रिकोणाला’ असे लिहिले ते चूक आहे. पायाजवळचा एक कोन काटकोनाहून मोठा असल्यास तुकड्यांची बेरीज न करता वजाबाकी करावी. हे शिष्य इवाबुची तोमेकिची याने फळी लागली त्याच दिवशी सांगितले होते. ते बरोबर होते. ओनोदेरा क्युझाएमोन." मग मी खाली एक ओळ जोडली: "त्या दिवशी पडताळा घेऊन चार आले असता नाही म्हणून सांगितले. तोसे."

मी ती वाचून दाखवली तेव्हा बाबा म्हणाले, "तुझी ओळ कशाला? चूक माझी."

"तुमची चूक होती बाबा. माझं खोटं होतं. दोन्हींची व्याख्या वेगळी."

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मी विचारलं नाही.

वहीतही तुझं नाव परत लिहून घेतलं त्यांनी. मी विचारलं, खोडलेल्यावर कागद चिकटवू का? म्हणाले, "नको. खोडलेलं तसंच राहू दे. त्याच्याखाली लिही. खोडलं होतं हे दिसलं पाहिजे."

विसाव्या तारखेला फळी लावली. बाबांना घोडीवर बसवून योसाबुरो वर घेऊन गेला. बघायला फारसं कुणी नव्हतं. दोन म्हाताऱ्या, पुजारी आणि सरकारी शाळेचे मास्तर. मास्तरांनी सगळं वाचलं, मग बाबांसमोर येऊन कमरेतून वाकले. बाबांनी मला विचारलं, "कोण आहे?" मी सांगितलं. "अक्कल आहे म्हणायची," ते म्हणाले, आणि ते मास्तरांना ऐकू गेलं. ओढ्यावर बायका मला म्हणतात, "गप्प बसली असतीस तर कुणाला कळणार होतं गं?" त्यांना काय सांगू? ज्या तिघांना कळायचं होतं त्यांना पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं.

परतताना पाऊस आला. गार, बर्फाआधीचा. डोंगराच्या वाटेवर आडोसा कुठे नाही हे तुला माहीत आहे.

बाबा बरे आहेत असं मी वर लिहिलं. ते खोटं आहे. अंथरूण धरून आज एकोणीस दिवस झाले. छातीत खरखर आहे, घोटभर पेजेपलीकडे काही जात नाही. शहरातले डॉक्टर दोनदा येऊन गेले. बर्फ वितळेपर्यंत बाबा थांबतील असं त्यांना वाटत नाही. ती ओळ मी खोडणार नाही, इथे खाली खरी लिहिते. तुझ्याशी परत एकदा खोटं बोलून पत्र संपवणं मला जमलं नाही.

दुपारी अजून वाचन होतं. मी वाचते, ते डोळे मिटून ऐकतात. दोन त्रिकोण कधी सारखे म्हणायचे, तिथवर आलोय. परवा म्हणाले, "हे त्याला समजावून सांगता येतं का नीट? शिकवतो कसा तो?" मी म्हटलं, मला काय माहीत. "हं," म्हणाले.

तुला बोलवायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय. "बोलावलं तर गुरूची आज्ञा म्हणून येईल. मला आज्ञा देऊन माणूस आणायचा नाही." हे पत्र लिहितेय हेही त्यांना माहीत नाही. तेव्हा मी बोलावत नाही. एवढंच कळवते की इशिनोमाकी बंदराहून नदीने वर येणाऱ्या होड्या पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत चालू असतात. पंचवीस तारखेपासून योसाबुरो रोज तिसऱ्या प्रहरी घोडी घेऊन धक्क्यावर जाणार आहे. त्याने तुला कधी पाहिलेलं नाही. "ओळखू कसा?" म्हणाला. मी सांगितलं, जो उतरून कुणाला काहीच न विचारता आमच्या वाटेला लागेल तो.

तू आला नाहीस तरी होड्या बंद होईपर्यंत तो जाईल. मग जायचं थांबेल आणि आमच्या घरात तुला कुणी दोष देणार नाही.

क्षमा मागत नाही. मागितली की ती द्यायचं ओझं तुझ्यावर येतं. त्या दिवशी मी तुझी बाजू घेतली नाही, एवढं माझ्या हाताने लिहून तुझ्या हाती देते.

तुझ्यामागून शिकायला बसलेली,
ओनोदेरा तोसे